ट्यूब्युलर की क्लिंचर? कोकणात शर्यतीसाठी चाकं निवडताना

गेली दोन-तीन वर्षं आमच्या सावंतवाडी-कुडाळ भागातली पोरं मला एकच प्रश्न विचारतात. मोबाइलवर फोटो येतो. पन्नास मिलिमीटर खोल रिमची कार्बनची चाकं, दिसायला जवळजवळ नवी, पुण्या-मुंबईच्या कुणीतरी विकायला काढलेली आणि किंमत ऐकून विश्वास बसू नये अशी. फोटोखाली एक ओळ, "काका, घेव काय?" मी आधी फोटो मोठा करून रिमची कड बघतो. बहुतेक वेळा चाकं ट्यूब्युलरची, म्हणजे रिमवर ग्लूने चिकटवायच्या टायरची, निघतात, आणि स्वस्ताईचं कारणही तेच असतं. मोठ्या शर्यतींमधले संघ गेल्या काही वर्षांत डिस्क ब्रेक आणि ट्यूबलेसकडे वळले. त्यांच्यामागोमाग हौशी स्वारही वळले, आणि रिम ब्रेकची, म्हणजे ब्रेकचं रबर थेट रिमला घासतं अशी, ट्यूब्युलर चाकं घराघरांतून बाहेर पडली.

चाकं वाईट नसतात. पण ती आपल्या रस्त्याला, आपल्या हवेला आणि तुमच्या हाताशी असलेल्या सोयींना जुळतात का, हे पैसे देण्याआधी बघायला हवं. मी दोन्ही प्रकार वापरले आहेत. ट्यूब्युलरवर माझं प्रेम आहे, तरीही दहापैकी नऊ जणांना मी क्लिंचरच घ्यायला सांगतो. त्यामागची कारणं आणि ठरवायची पद्धत क्रमाने सांगतो.

आधी रिम ओळखा

क्लिंचर म्हणजे रोजच्या सायकलीसारखा प्रकार. टायर वेगळा, ट्यूब वेगळी. रिमला दोन उभ्या भिंती असतात आणि त्यांच्या आतल्या कडेला बारीक हूक. टायरच्या दोन्ही काठांत तार किंवा अ‍ॅरामिडचा धागा असतो. हवा भरली की ते काठ हुकाखाली घट्ट बसतात.

ट्यूब्युलरच्या रिमला भिंती नसतात. वरचा भाग पन्हळीसारखा उथळ, गोलसर असतो. टायर म्हणजे चारी बाजूंनी बंद नळी. ट्यूब आत घालून तळाची शिवण मारलेली असते आणि शिवणीवर सुती पट्टी चिकटवलेली असते. हा टायर रिमवर ग्लूने किंवा दुहेरी चिकटपट्टीने बसवायचा. दुसरा कसलाही आधार नसतो, हवेचा दाब आणि ग्लू या दोघांच्या भरवशावर तुम्ही उतारावर साठच्या वेगाने वळत असता.

तिसरा प्रकार ट्यूबलेस. रिमची घडण क्लिंचरसारखीच, फक्त ट्यूब नसते आणि आत सीलंट, म्हणजे भोक बुजवणारा द्रव, ओततात. हल्ली यात हूक नसलेल्या रिमही येतात. तशी रिम घेतलीत तर 5 बार, म्हणजे साधारण 72 पीएसआय, ही दाबाची कमाल मर्यादा आहे, आणि टायरही हूक नसलेल्या रिमसाठी चालतो असं लिहिलेलाच हवा. पूर्वी शंभर-एकशेवीस पीएसआय भरायची सवय असलेल्यांनी ही गोष्ट घरच्या पंपावर लिहून ठेवावी.

वजनाचा हिशेब कागदावर करा

ट्यूब्युलर घेणारा पहिल्यांदा वजनाचं बोलतो. भिंती आणि हूक नसल्यामुळे रिम हलकी होते, हे खरं आहे. त्याच खोलीच्या कार्बन क्लिंचरपेक्षा ट्यूब्युलरची जोडी टायरसकट दोनशे-तीनशे ग्रॅमने हलकी भरते. मग आंबोलीचा घाट डोळ्यांसमोर आणा. दाणोली सोडली की चढ लागतो आणि वर आंबोली सुमारे 690 मीटर उंचीवर आहे. तयारीच्या स्वाराला साधारण चाळीस मिनिटं लागतात असं धरू. स्वार आणि सायकल मिळून 80 किलो, त्यात 250 ग्रॅम कमी केले तर फरक पडतो एक टक्क्याच्या एक तृतीयांशाहूनही कमी. चाळीस मिनिटांत सात-आठ सेकंद.

सात सेकंदांना किंमत नाही असं मी म्हणणार नाही. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाटात "घाटाचा राजा" व्हायला निघालेल्याला ते सात सेकंद हवेच असतात. पण चाकाचं वजन दुप्पट मोजावं लागतं हे जे सांगतात ते फक्त वेग वाढवताना लागू पडतं. एका लयीत चढताना रिममधला ग्रॅम आणि बाटलीतला ग्रॅम सारखाच. शिवाय सपाटीवर हवेचा अडथळा वजनापेक्षा जास्त वेळ खातो, आणि तिथे दोन्ही प्रकार रिमच्या आकारावर अवलंबून असतात.

टायर किती सहज फिरतो त्यातही ट्यूब्युलर पुढे राहिलेला नाही. टायर आणि रिम यांच्यामधला मऊ ग्लू प्रत्येक फेऱ्याला किंचित दबतो आणि ऊर्जा खातो. चांगला लवचीक क्लिंचर लॅटेक्सच्या, म्हणजे पातळ नैसर्गिक रबराच्या, ट्यूबवर बहुतेक ट्यूब्युलरच्या बरोबरीने किंवा त्याहून हलका पळतो. ट्यूब्युलरवर बसल्यावर रस्ता मखमली लागतो, ती अनुभूती खरी आहे. घड्याळात मात्र ती नेहमी दिसत नाही.

उतारावरची उष्णता

ही पायरी रिम ब्रेकवाल्यांसाठी. डिस्क ब्रेक असेल तर पुढच्या भागाकडे जा.

आंबोलीहून दाणोलीपर्यंत 80 किलोचं ओझं साडेपाचशे-सहाशे मीटर खाली येतं. त्यात जी ऊर्जा मोकळी होते तिच्यात दीड लिटर साधं पाणी उकळेल. बरीचशी वारा खातो, पण वळणावळणाच्या घाटात, समोरून एसटी येत असताना, उरलेली सगळी ब्रेकच्या रबरातून रिममध्ये जाते.

कार्बन क्लिंचर इथे अडचणीत येतो. रिमच्या भिंती आतून हवेच्या दाबाने बाहेर ढकलल्या जात असतात आणि बाहेरून ब्रेक त्यांनाच तापवत असतो. कार्बनला बांधून ठेवणारं रेझिन ठरावीक तापमानापुढे मऊ पडतं आणि भिंत बाहेर फुगते. लॅटेक्सची ट्यूब असेल तर ती त्याआधीच फुटू शकते, म्हणून रिम ब्रेकच्या कार्बन क्लिंचरमध्ये लॅटेक्स घालू नका. टीपीयूची, म्हणजे पातळ प्लास्टिकची, ट्यूब घालायची तर रिम ब्रेकला चालते का हे खोक्यावर वाचून घ्या. अ‍ॅल्युमिनियमची रिम उष्णता पटकन हवेत सोडते, त्यामुळे तिथे एवढी चिंता नसते.

ट्यूब्युलरच्या रिमवर आतून ढकलणाऱ्या भिंतीच नाहीत, म्हणून कार्बनची रिम जास्त सोसते. रिम ब्रेकच्या काळात डोंगराळ शर्यतींत ट्यूब्युलरच का होते त्याचं मोठं कारण हेच. पण तापून ग्लूसुद्धा मऊ होतो. 2003 च्या टूर द फ्रान्समध्ये गॅप शहराकडे उतरताना स्पेनचा स्वार होसेबा बेलोकी पडला. उन्हाने मऊ झालेलं डांबर, घसरलेलं मागचं चाक आणि रिमवरून निसटलेला टायर. मांडीचं हाड मोडलं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये दुपारी डांबर कसं होतं ते वेगळं सांगायला नको.

दोन्ही प्रकारांत ब्रेक धरून ठेवू नका. वळणाच्या आधी घट्ट, थोडा वेळ, मग सोडा. पुढचा-मागचा आलटून पालटून. कार्बनला कार्बनचेच ब्रेक पॅड हवेत, आणि अ‍ॅल्युमिनियमवर वापरलेले पॅड तिकडे लावू नका, त्यात रुतलेले धातूचे कण कार्बन खरवडतात.

पंक्चर झालं तर कोण येणार?

मी प्रत्येकाला हा प्रश्न विचारतो, आणि बहुतेकांचा निर्णय इथेच होतो.

शर्यतीत मागे गाडी असेल, तिच्यात तुमच्या मापाचं जादा चाक असेल, तर ट्यूब्युलर उत्तम. खड्ड्याची कड लागली की क्लिंचरची ट्यूब रिमच्या कडांत चिमटते आणि तिला सापाच्या दातांसारखी दोन भोकं पडतात. ट्यूब्युलरमध्ये हे क्वचितच होतं. हवा गेली तरी नीट चिकटवलेला टायर रिमवर राहतो, स्वार सावकाश पुढे जाऊन गाडीची वाट बघू शकतो. सावंतवाडी-वेंगुर्ला रस्त्यावर वाडीगणिक गतिरोधक आहेत, पावसाळ्यानंतर खड्डे आहेत, वळणांवर जांभ्याची बारीक खडी वाहून आलेली असते. अशा जागी ट्यूब्युलरचा हा गुण फार मोलाचा आहे.

पण आपल्याकडच्या तालुका पातळीवरच्या शर्यतींत मागे असते ती एक रुग्णवाहिका आणि दोन मोटारसायकली. सरावाला तर तुम्ही एकटेच. मोचेमाडच्या उतारावर क्लिंचर पंक्चर झाला तर तीन-चारशे रुपयांची ट्यूब, दोन लिव्हर, छोटा पंप आणि दहा मिनिटं. ट्यूब्युलर पंक्चर झाला तर आधी तीसेक मिलिलीटर सीलंट व्हॉल्व्हमधून आत सोडून बघायचं. भोक मोठं असेल तर टायर ओढून काढायचा, आणि ग्लू चांगला लागलेला असेल तर तो सहजासहजी निघत नाही. मग खोगिराखाली बांधून आणलेला, आधीच ग्लू लावून वाळवलेला जादा टायर चढवायचा आणि घरापर्यंत वळणं जपून घ्यायची, कारण ती पकड पूर्ण नसते. घरी पोचल्यावर पट्टी सोलून, शिवण उसवून, पॅच लावून पुन्हा शिवणं हे काम करता येतं, मी केलं आहे, एक अख्खी संध्याकाळ जाते. जवळच्या पंक्चरवाल्याकडून ते होणार नाही.

खारी हवा आणि दमट पडवी

बाहेरच्या कुठल्याही मार्गदर्शनात हा भाग सापडणार नाही, म्हणून इथे जरा थांबतो.

एका वर्षी मी माझी ट्यूब्युलरची जोडी जूनच्या पहिल्या आठवड्यात पडवीत खुंटीला टांगली. टायर त्याच उन्हाळ्यात नवे बसवले होते, पकड पक्की होती. दसऱ्याच्या सुमारास काढली, हवा भरली, चाक फिरवून बघितलं, सगळं सुरेख. आंबोलीला जायचं ठरलं होतं. निघण्याच्या आदल्या रात्री सवयीप्रमाणे हवा सोडून अंगठ्यांनी टायर बाजूला रेटत चाकभर फिरलो. व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूला टायर उचलला गेला. चार बोटं लांबीचा भाग, जुन्या वहीवरचं लेबल निघावं तसा, आवाजही न करता. खाली ग्लू जागेवर होता, पण त्यावर पिठासारखी पांढरी पूड होती आणि सुती पट्टी काळी ठिपकेदार पडली होती. अ‍ॅल्युमिनियमला हवेतल्या मिठाने धरलं होतं आणि पट्टीला बुरशीने. हवा भरलेल्या चाकात यातलं काहीही दिसत नव्हतं.

तेव्हापासून माझे नियम ठरले. ट्यूब्युलर चाकं पावसाळ्यात पडवीत किंवा माळ्यावर टांगायची नाहीत. आतल्या खोलीत, कोरड्या कपाटाजवळ, थोडी हवा ठेवून ठेवायची. दर पंधरा दिवसांनी, आणि प्रत्येक घाटाच्या आदल्या रात्री, अंगठ्याची परीक्षा. कुठेही पट्टी उचलली तर तेवढ्यात ग्लू भरून भागवायचं नाही. टायर पूर्ण काढायचा आणि पुन्हा बसवायचा.

मीठ क्लिंचरलाही सोडत नाही. कार्बन रिममध्ये अ‍ॅल्युमिनियमचे निपल, म्हणजे स्पोक रिमला आवळून धरणाऱ्या छोट्या चकत्या-नळ्या, असतील तर खाऱ्या ओलाव्यात ते आतून कुजतात आणि एक दिवस स्पोक सुटतो. चाकं घेताना निपल पितळेचे आहेत का विचारा. जोडीमागे तीसेक ग्रॅम वाढतील, वाढू द्या. किनाऱ्याच्या रस्त्यावरून आलात की गोड्या पाण्याने चाक धुऊन पुसून ठेवा. पाण्याचा जोराचा फवारा हबवर मारू नका.

पावसातल्या सरावासाठी माझं मत ठाम आहे. अ‍ॅल्युमिनियमचा क्लिंचर, 28 मिलिमीटरचा जाड टायर, बस्स. ओला टायर बारीक काच-खडीने चटकन कापला जातो, आणि जांभ्याचा तांबडा चिखल ब्रेकमध्ये घोटला जाऊन रिम झिजवतो. महागडं चाक त्या चिखलात घालू नका.

ट्यूब्युलर घ्यायचंच ठरलं, तर

जुनी चाकं असतील तर विकणाऱ्याला टायर काढून द्यायला सांगा. रिमच्या ब्रेकच्या पट्ट्यावरून नख फिरवा, कुठे फुगवटा किंवा लाट लागली तर ती उष्णतेची खूण. एका नाण्याने रिमभर हलकं वाजवत जा. टणटणीत आवाज मध्येच बद्द झाला तर आत थर सुटलेला असू शकतो, ते चाक सोडून द्या. मागच्या हबवर तुमच्या गिअरची कॅसेट बसते का आणि अ‍ॅक्सल तुमच्या फ्रेमला जुळतो का, हे बघायचं अनेकजण विसरतात.

मग टायर बसवणं. हे काम ऑक्टोबरच्या मध्यापासून मेपर्यंत करा. पावसात ग्लू धड वाळत नाही.

पहिल्या दिवशी टायर ग्लू न लावता कोरड्या रिमवर चढवा, हवा भरा आणि दिवसभर राहू द्या. नवा टायर ताणून सैल झाला की पुढचं काम निम्मं सोपं होतं. रिम अ‍ॅसिटोनच्या फडक्याने पुसा. अ‍ॅल्युमिनियमवर बारीक पॉलिशपेपर हलका फिरवला तर चालतो, कार्बनवर नको.

दुसऱ्या दिवशी रिमवर आणि टायरच्या पट्टीवर ग्लूचा पातळ थर द्या. जुना टूथब्रश चांगला चालतो. ग्लू फणसाच्या चिकासारखा वागतो, एकदा बोटाला लागला की जिथे हात लावाल तिथे जातो. फणस चिरताना आपण हाताला खोबरेल चोळतो तो मोह इथे टाळा. तेलाचा एक थेंब रिमवर गेला तर त्या जागी टायर कधीच चिकटणार नाही. हातमोजे घाला, तेल काम संपल्यावर. थर रात्रभर वाळू द्या आणि दुसरा द्या. पट्टीने पहिला थर पिऊन टाकला असेल तर तिलाही दुसरा लागतो. रिमच्या कडांपर्यंत ग्लू पोचला पाहिजे. टायर वळणावर सुटतो तो कडेपासून.

शेवटचा पातळ थर फक्त रिमवर. तो ओला असताना घाई नको आणि अगदी वाळूही नये. बोट टेकवलं की चिकटावं, पण तार येऊ नये. चाक जमिनीवर उभं धरा, व्हॉल्व्हचं भोक वर. व्हॉल्व्ह आत घालून दोन्ही हातांनी टायर दोन्ही बाजूंनी सारखा ताणत खाली आणा, अंगातलं सगळं वजन घाला. शेवटची वीतभर जागा राहिली की चाक उलटून अंगठ्यांनी टायर उचलून आत टाका. लिव्हर वापरू नका. थोडी हवा भरा, चाक फिरवा, पट्टी दोन्ही कडांनी सारखी दिसेपर्यंत टायर जागेवर आणा. नंतर पूर्ण हवा भरून 24 तास ठेवा.

चिकटपट्टीने हेच काम एका संध्याकाळी होतं आणि हात स्वच्छ राहतात. पहिल्यांदा करणाऱ्याने पट्टीच वापरावी असं मला वाटतं. फक्त कार्बन आणि अ‍ॅल्युमिनियमसाठी कोणती पट्टी किंवा ग्लू चालतो ते रिम बनवणाऱ्याच्या सूचनेत बघूनच घ्या.

क्लिंचर घेणाऱ्यांसाठी

इथे सांगण्यासारखं कमी आहे, आणि तोच क्लिंचरचा मोठेपणा आहे. रिमची आतली रुंदी 19 ते 21 मिलिमीटर असू द्या, ट्यूबलेस चालणारी असेल तर उत्तम. आज ट्यूब घाला, पुढे मन झालं तर सीलंट ओता. टायर 25 किंवा 28 चा, आमच्या रस्त्यांना मी 28 म्हणेन. फ्रेम आणि ब्रेकमध्ये जागा आहे का तेवढं आधी मोजा. सत्तर किलोच्या स्वाराने 28 मध्ये 70-75 पीएसआयपासून, 25 मध्ये 85 च्या आसपासपासून सुरुवात करावी आणि पावसात पाचने उतरावं. हूक नसलेल्या रिमवर मात्र 72 ची हद्द ओलांडू नका.

ट्यूबलेस केलंत तर आपल्या उकाड्यात सीलंट लवकर सुकतं, दर दोन महिन्यांनी व्हॉल्व्ह काढून बघा. टायर पहिल्यांदा बसवायला हवेचा जोराचा झोत लागतो. कुडाळ-सावंतवाडीतल्या कुठल्याही मोटार गॅरेजात कॉम्प्रेसर असतो, पण त्याचं तोंड मोटारीच्या व्हॉल्व्हचं. वीस-तीस रुपयांचा पितळी अडॅप्टर खोगिराच्या पिशवीत कायम ठेवा, आणि गॅरेजवाल्याला सांगून दाब हळूहळू वाढवा.

मी स्वतः आता वर्षभर अ‍ॅल्युमिनियमचे क्लिंचर वापरतो. ट्यूब्युलरची ती जोडी अजून आहे. डिसेंबर ते मार्च, घाटातली शर्यत, मागे गाडी आणि तिच्यात जादा चाक, एवढं जमलं की आदल्या रात्री ती आतल्या खोलीतून काढतो, हवा सोडतो आणि अंगठे लावून व्हॉल्व्हपासून व्हॉल्व्हपर्यंत फिरतो.